१९२ तास : डुकराच्या पेशीत शिरलेल्या विषाणूचा घटनाक्रम

आफ्रिकन स्वाइन फीव्हरने डुक्कर मरायला आठवडा-दीड आठवडा लागतो. पाळणाऱ्याला त्यातले शेवटचे तीन-चार दिवसच दिसतात. ताप येतो, कान लाल होतात, जनावर खाण्याकडे पाठ फिरवतं आणि मरतं. त्याआधीचे चार दिवस ते नेहमीसारखं खातं, चिखलात लोळतं, अंगावर माणूस आला की हुंकारतं. निकाल मात्र त्याच चार दिवसांत लागलेला असतो.

या घटनाक्रमातले पेशीच्या आतले तास प्रयोगशाळेत, काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशींवर मोजलेले आहेत. जनावराचे दिवस प्रायोगिक लागणींतून आणि प्रत्यक्ष साथींतून कळलेले आहेत. दोन्ही एकत्र जोडून इथे एक नमुन्याचं डुक्कर धरलं आहे. ते आसामातल्या कुठल्याही घरामागच्या बांबूच्या गोठ्यातलं आहे आणि काळ २०२० च्या सुरुवातीचा आहे. तीव्र लागण झालेलं असं डुक्कर आठव्या दिवशी मेलं असं मानलं, तर हाताशी १९२ तास असतात.

शून्याच्या आधी

हा विषाणू हवेतून कोसभर उडत येत नाही, त्याला कोणीतरी आणावं लागतं. त्याची पहिली शास्त्रीय नोंद रॉबर्ट युस्टेस मॉन्टगोमेरी यांनी १९२१ साली केनियातून प्रसिद्ध केली. वसाहतवाल्यांनी युरोपातून आणलेली डुकरं तिथे झपाट्याने मरत होती आणि त्याच रानातली वॉर्टहॉग जातीची रानडुकरं धडधाकट फिरत होती. त्या रानडुकरांच्या बिळांत राहणाऱ्या मऊ पाठीच्या गोचिडी हा मधला दुवा आहे, हे पुढे उलगडलं. डीएनए असलेला आणि गोचिडी-डासांसारख्या जीवांच्या अंगात वाढून त्यांच्यामार्फत पसरणारा दुसरा विषाणू अजून सापडलेला नाही.

आफ्रिकेबाहेर पडायला त्याला गोचिडीचीही गरज लागली नाही. १९५७ मध्ये तो लिस्बनच्या विमानतळाजवळच्या डुकरांत उगवला. विमानांतलं उरलेलं अन्न त्यांना घातलं जात होतं. २००७ मध्ये जॉर्जियातल्या पोती बंदराच्या आसपास तो दिसला, तिथेही जहाजांवरच्या खरकट्याकडे बोट दाखवलं जातं. त्याच वाणाची पुढची पिढी रशिया आणि पूर्व युरोप ओलांडत ऑगस्ट २०१८ मध्ये चीनच्या शेनयांग शहरात पोचली. भारतात जानेवारी ते एप्रिल २०२० या काळात अरुणाचल प्रदेश आणि आसाममध्ये डुकरं मरू लागली.

इतका लांबचा प्रवास जमतो तो त्याच्या चिवटपणामुळे. थंड जागी ठेवलेल्या रक्तात तो वर्षभराहून अधिक काळ टिकतो, गोठवलेल्या मांसात त्याहून जास्त. मीठ लावून वाळवलेल्या मांसातही महिनोन्महिने जिवंत राहतो. माणसाला तो काहीही करत नाही. म्हणूनच माणूस तो निर्धास्तपणे डब्यातून, चाकूवरून, बुटाच्या तळाला लावून हिंडवत राहतो.

तास ० | उरले १९२

सकाळचे सहा वाजले आहेत असं धरू. बादलीत रात्रीचा भात, भाजीची देठं, कुठल्याशा जेवणावळीतलं खरकटं आणि त्यातच डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसाचे चार तुकडे आहेत. डुक्कर मचमच करत बादली रिकामी करतं.

किती विषाणू पोटात गेले म्हणजे लागण होते? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. पातळ पदार्थातून प्यायला मिळाला तर प्रयोगशाळेत मोजता येईल अशी एकच मात्रा पुरू शकते. कोरड्या खाद्यातून मात्र दहा हजार मात्रा लागतात. कोरड्या खाद्याने दिलासा वाटावा, पण तेच खाद्य रोज पुढ्यात येत असेल तर रोज नव्याने संधी मिळते. आपल्या बादलीत पाणी भरपूर आहे.

घास गिळताना तो टाळूमागच्या टॉन्सिलवरून घसरतो. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. तिथे येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणाऱ्या पेशी दबा धरून बसलेल्या असतात. त्यांत मुख्य असते भक्षकपेशी, म्हणजे मॅक्रोफेज. जिवाणू, मेलेल्या पेशी, कचरा, जे परकं दिसेल ते गिळायचं, आम्लात विरघळवायचं आणि त्याचे तुकडे इतर पेशींना ओळख पटवण्यासाठी दाखवायचे, हे तिचं रोजचं काम.

या विषाणूला नेमकी हीच पेशी हवी असते.

मिनिट १० | उरले १९१ तास ५० मिनिटं

कण पेशीच्या पटलाला चिकटतो. त्याचा व्यास सुमारे २६० नॅनोमीटर, म्हणजे कोरोनाच्या विषाणूच्या दुपटीहून मोठा. त्याला एकात एक पाच थर आहेत. बाहेरून आत येताना बाह्य आवरण, कवच, आतलं आवरण, गाभ्याचं वेष्टन आणि मध्यभागी डीएनए लागतात. एकट्या कवचातच पी-७२ या प्रथिनाचे २,७६० त्रिकुटी घटक बसवलेले आहेत. चिनी शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये ही रचना जवळजवळ अणूअणूपर्यंत मोजली.

तो पेशीवरच्या कोणत्या प्रथिनाला धरतो, हा प्रश्न मात्र अवघड निघाला. त्यातली गोम समजायला डुकराच्या दुसऱ्या एका विषाणूकडे पाहावं लागतं. पीआरआरएस नावाच्या रोगाने गाभण डुकरिणींचे गर्भ पडतात आणि पिल्लांना श्वास घेता येत नाही. त्याचा विषाणूही याच भक्षकपेशीत शिरतो. त्याचं दार म्हणजे सीडी-१६३ हे प्रथिन. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाने जनुक-संपादन करून हे प्रथिनच नसलेली डुकरं जन्माला घातली. पीआरआरएसचा विषाणू भरपूर टोचूनही ती आजारी पडली नाहीत. अशा डुकरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये मान्यताही दिली.

आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणूही सीडी-१६३ वापरतो असा अंदाज बरीच वर्षं होता. म्हणून सीडी-१६३ नसलेल्या डुकरांना जॉर्जियातला वाण देऊन पाहिला. २०१७ साली निकाल आला तो असा, की ताप तसाच चढला आणि रक्तातला विषाणूही तितकाच वाढला. संपादित डुकरांत आणि साध्या डुकरांत फरक दिसला नाही. पीआरआरएसला एक दार लागतं, ते बंद करता आलं. याला एका दाराची अडचण नाही.

मिनिट १० ते ३० | उरले १९१ तास ३० मिनिटं

आत जायला त्याच्याकडे निदान दोन वाटा आहेत. पहिली वाट अरुंद आहे. पटलाला आतून क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी लागते, खळगा पडतो आणि खळग्याची मान डायनॅमिन आवळून तोडते. एवढा मोठा कण त्यातून जाणं कठीण वाटावं, पण क्लॅथ्रिनचं काम अडवलं की लागण घटते, हे प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरी वाट रुंद आहे. कणाच्या स्पर्शाने पेशीच्या आत निरोप जातात, ॲक्टिनचे धागे भराभर विणले जातात आणि पटल झालरीसारखं वर उचललं जातं. झालर पुढे झुकून मिटते. तिच्या पोटात बाहेरच्या द्रवाचा मोठा घोट येतो आणि त्या घोटात विषाणू असतो. भक्षकपेशी असा घोट तसाही घेतच असते, विषाणू फक्त तिला तो घ्यायला लावतो.

पेशीच्या दृष्टीने यात काहीही बिघडलेलं नाही. परकी वस्तू आली आणि तिने ती गिळली. आता ती विरघळवायची.

मिनिट ३० ते ६० | उरले १९१ तास

गिळलेली पिशवी पेशीच्या आत सरकू लागते आणि सरकता सरकता आम्लधर्मी होत जाते. हे आम्ल जिवाणूंचा काळ असतं. हा विषाणू मात्र त्याचीच वाट पाहत असतो. आम्लात त्याचं बाह्य आवरण फाटतं. मागोमाग ते २,७६० घटकांचं कवच सुटं होतं. उरतो तो आतल्या आवरणात गुंडाळलेला गाभा.

माद्रिदमध्ये एलादियो विन्युएला यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या विषाणूवर काम सुरू केलं, तेव्हा स्पेनच्या डुकरांत तो थैमान घालत होता. त्याच शहरातल्या शास्त्रज्ञांनी पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा क्रम एकेक पायरीने पाहिला. पिशवी आम्लधर्मी होऊ दिली नाही, तर विषाणू उलगडत नाही. पिशवीच्या भिंतीतून कोलेस्टेरॉलची ये-जा अडवली, तर उघडा पडलेला गाभा तिथेच अडकून राहतो. म्हणजे पचनासाठी पेशीने केलेली सगळी तयारी विषाणूला हवी असते, आणि तीही ठरल्या क्रमाने.

शेवटची पायरी आतल्या आवरणाची. त्यावर ई-२४८-आर आणि ई-१९९-एल ही प्रथिनं असतात. त्यांच्या मदतीने आवरण पिशवीच्या भिंतीत मिसळून जातं, भोक पडतं आणि गाभा बाहेर पेशीद्रवात उतरतो. पिशवीतल्या विकरांचा तोंडाला येऊ घातलेला घास निसटला.

तास १ ते ५ | उरले १८७

बहुतेक डीएनए विषाणू आता पेशीच्या केंद्रकाकडे धाव घेतात, कारण जनुकं वाचायची यंत्रणा तिथे असते. या विषाणूने ती सोबत आणली आहे. जनुक वाचणारं विकर, वाचलेल्या प्रतीला टोपी चढवणारं विकर, सगळं गाभ्यात बांधून ठेवलेलं असतं. त्याच्या डीएनएची लांबी १ लाख ७० हजार ते १ लाख ९० हजार अक्षरजोड्यांची, त्यात दीडशेहून अधिक जनुकं. कोरोनाच्या विषाणूची एकूण मजकुराची लांबी जेमतेम तीस हजार अक्षरं आहे.

तो लगेच स्वतःच्या प्रती काढायला बसत नाही. आधी वाचली जातात ती सुरुवातीची जनुकं, आणि त्यांतल्या बऱ्याच जनुकांचं काम पेशीची बोंब दाबणं हे आहे.

लागण झालेली पेशी दोन गोष्टी करू शकते. इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करणं ही एक, आणि स्वतःच मरून विषाणूचं घर मोडणं ही दुसरी. एमजीएफ-३६० आणि एमजीएफ-५०५ या जनुककुळांतली प्रथिनं इंटरफेरॉनचा मार्ग अडवतात. ए-२३८-एल हे प्रथिन पेशीच्याच एका लगाम लावणाऱ्या प्रथिनाची नक्कल करतं आणि दाह सुरू करणारी जनुकं उघडू देत नाही. ए-१७९-एल पेशीला आत्मनाश करू देत नाही. विषाणू आल्याचं ओळखून पेशी प्रथिनं बनवणंच थांबवू पाहते, तो थांबा डीपी-७१-एल उठवतं.

पाचव्या तासाला पेशी बाहेरून पूर्वीसारखीच दिसते. मरायची तिची क्षमता तेवढी काढून घेतली गेली आहे. गोठ्यात डुक्कर चढत्या उन्हात सावली शोधून झोपलं आहे.

तास ६ ते ८ | उरले १८४

केंद्रकाच्या शेजारी, पेशीतले सूक्ष्मनळ्यांचे धागे जिथे एकत्र येतात तिथे एक डाग दिसू लागतो. हा विषाणूचा कारखाना. इथे पेशीचं स्वतःचं सामान दिसत नाही. भोवती व्हिमेंटिनच्या तंतूंचं कुंपण तयार होतं. आत डीएनएच्या प्रती निघू लागतात. त्यांतल्या चुका दुरुस्त करायलाही विषाणूची स्वतःची विकरं आहेत. भक्षकपेशीचं अंतरंग तिच्याच विकरांनी आणि ऑक्सिडीकारकांनी भरलेलं असतं, तिथे डीएनए टिकवायचा तर दुरुस्ती लागणारच.

तास ८ ते १६ | उरले १७६

प्रती निघाल्या की उशिराच्या जनुकांची पाळी येते. ही जनुकं बांधकामाची. पी-७२ थराथराने तयार होतं. पेशीतली पटलं फाडून त्यांचे तुकडे वापरले जातात, त्यांवर कवच चढतं, आत गाभा भरला जातो. नव्याने बनणाऱ्या प्रत्येक कणात जनुक वाचणारी विकरंही भरली जातात, म्हणजे पुढच्या पेशीतही पहिल्या तासापासून काम चालू होईल.

लागण झाल्याचं पेशीच्या बाहेरून कळण्याची ही पहिली वेळ. विषाणू सीडी-२-व्ही नावाचं प्रथिन पेशीच्या पटलावर आणतो आणि तांबड्या पेशी येऊन त्याला चिकटू लागतात. काचेच्या थाळीत काही तासांनी एकेका भक्षकपेशीभोवती तांबड्या पेशींचं कडं दिसतं. माल्मक्विस्ट आणि हे (Hay) या दोन शास्त्रज्ञांनी १९६० साली हे कडं ओळखलं. रोगनिदानाची ती पहिली भरवशाची खूण ठरली आणि पुढे अनेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर चालल्या.

तास १६ ते २४ | उरले १६८

तयार कण धाग्यांवरून पेशीच्या कडेला नेले जातात आणि पटलाचा एक तुकडा अंगाभोवती घेऊन बाहेर पडतात. तेच त्यांचं बाह्य आवरण. काम उरकलं की मरण रोखून धरणारा हात सुटतो आणि पेशी फुटते. फुटताना आणखी कण सांडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा. डुकराने बादली रिकामी केली.

तास २४ ते ४८ | उरले १४४

बाहेर पडलेल्या कणांना दूर जावं लागत नाही. टॉन्सिलच्या भोवती भक्षकपेशींची गर्दी आहे. फुटलेल्या पेशींचा कचरा साफ करायला आणखी भक्षकपेशी येतात, म्हणजे लागण व्हायच्या पेशी आपणहून चालत येतात. प्रत्येक पेशीत पुन्हा तोच चोवीस तासांचा क्रम. टॉन्सिलमधला द्राव वाहून घशाजवळच्या लसिकाग्रंथींत जातो आणि तिथे त्याहून दाट वस्ती मिळते.

लस टोचून एरवी जे सहज साधतं ते इथे तितकं सहज साधत नाही, त्याचं मूळ याच दोन दिवसांत आहे. परक्याची ओळख पटवून देणारी पेशीच बाधित झाल्याने शरीराची तक्रार नोंदवायची सोय बिघडली आहे. पुढे प्रतिपिंडं तयार होतात, पण ती या विषाणूला पुरेशी निकामी करू शकत नाहीत. 

तास ४८ ते ९६ | उरले ९६

विषाणू रक्तात उतरतो. रक्तातला बहुतेक विषाणू, नव्वद टक्क्यांहून अधिक, तांबड्या पेशींना चिकटून फिरतो. जिथे रक्त जाईल तिथे तो पोचतो. प्लीहा, यकृत, फुप्फुस, अस्थिमज्जा, आणि या सगळ्या ठिकाणी भक्षकपेशी असतातच. एक मिलिलिटर रक्तात लागण करू शकणाऱ्या मात्रांची संख्या पुढे कोट्यवधींत जाते. एका थेंबातही लाखो मात्रा असू शकतात, आणि कॅन्ससच्या मोजमापात पातळ पदार्थातून एक मात्राही पुरत होती.

या दोन दिवसांत कुणी रक्ताचा नमुना घेऊन पीसीआर चाचणी केली, तर ती लागण दाखवू शकते. पण धडधाकट दिसणाऱ्या डुकराचं रक्त कोण काढील? २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे भारतात सुमारे ९० लाख डुकरं होती, त्यांतली २१ लाख एकट्या आसामात. बहुतेक दोन-चार जनावरं पाळणाऱ्यांच्या घरची.

तास ९६ ते १२० | उरले ७२

पाचव्या दिवशी ताप येतो. डुकराच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आता ते ४१-४२ वर जातं. जनावर कोपऱ्यात जाऊन पडतं. बादलीकडे पाहत नाही. गोठ्यात दुसरी डुकरं असतील तर ती एकमेकांना चिकटून पडतात.

पाळणाऱ्याला आता कळलं, आणि सगळ्यात महागाचा निर्णय याच चोवीस तासांत होतो. डुक्कर अजून उभं राहू शकतं. त्याला गिऱ्हाईक आहे. उद्या ते मेलं तर हातात काही नाही, आज कापलं तर निदान पिल्लाचे आणि खाद्याचे पैसे सुटतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं, तर याच डुकराबरोबर शेजाऱ्यांचीही डुकरं जातील, हेही गावात ठाऊक असतं. दोन डुकरांवर पोरांच्या शाळेची फी काढणारा माणूस अशा वेळी काय करील, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

डुक्कर कापलं जातं तेव्हा रक्त जमिनीवर सांडतं, नालीत जातं, सुरीला आणि पायांना लागतं. मांस दहा घरी जातं. आतडी कुत्री ओढतात. धुतलेलं पाणी शेजारच्या गोठ्यावरून वाहतं. एका जनावराचे उरलेले ७२ तास कमी झाले आणि दहा नवे शून्य तास सुरू झाले.

तास १२० ते १६८ | उरले २४

ते कापलं गेलं नाही असं धरून पुढे जाऊ. आता ज्या पेशींत विषाणू शिरलेलाच नाही त्या मरू लागतात. बाधित भक्षकपेशी शेवटी शेवटी दाहकारक रसायनांचा लोंढा सोडतात आणि त्यात लसिकापेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची दुसरी फळी, हजारोंनी आत्मनाश करतात. विषाणूने ज्यांना हातही लावला नाही त्या अशा जातात.

रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर झिजतं. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी होतात. कान, शेपूट, पोट, मांड्यांच्या आतली बाजू लालजांभळी पडते. नाकातून फेस येतो, कधी विष्ठेतून रक्त जातं. गाभण असेल तर गर्भ पडतो.

तास १६८ ते १९२ | उरले ०

फुप्फुसांत पाणी भरतं. आठवा दिवस संपताना डुक्कर मेलेलं असतं. पोट उघडलं तर प्लीहा नेहमीच्या कित्येक पट फुगलेली, पिकल्या जांभळासारखी काळी आणि हाताळताच फुटणारी. लसिकाग्रंथी रक्ताच्या गाठींसारख्या दिसतात. तीव्र वाणाच्या साथीत शंभरातली नव्वद ते शंभर डुकरं अशी मरतात.

प्रतिपिंडं शोधणारी चाचणी साधारण याच सुमाराला, सातव्या ते दहाव्या दिवशी, काही दाखवू लागते. पुष्कळ डुकरं तिची वाट न पाहता मेलेली असतात.

तास १९२ च्या पुढे

देशात या रोगाची खात्री करणारी प्रयोगशाळा भोपाळला आहे, राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था. आसामातले नमुने तिथे तपासले गेले आणि मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात राज्य सरकारने जाहीर केलं, की ३०६ गावांत अडीच हजारांहून अधिक डुकरं मेली आहेत.  जॉर्जियात २००७ साली दिसलेल्याच जनुकीय गटातला हा विषाणू होता. काझीरंगाच्या कडेला रानडुकरांना गावाकडे येता येऊ नये म्हणून चर खणला गेला. मानसच्या गवताळ रानात जगातली सर्वांत छोटी डुकरं, पिग्मी हॉग, अखेरच्या काही शेकड्यांत उरली आहेत. त्यांच्यापर्यंत हा रोग जाऊ नये ही धास्ती तेव्हापासून आहे. मिझोराममध्ये २०२१ या एका वर्षात तीस हजारांहून अधिक डुकरं मेली. जुलै २०२२ मध्ये तो केरळात वायनाडला निघाला.

जिथे डुक्कर पाळलं जात नाही तिथेही त्याचे चटके बसले. डायलिसिसच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात आणि त्याच्या कच्च्या मालाचा मोठा पुरवठादार चीन आहे. २०१९ च्या शरदात चीनमधल्या डुकरांची संख्या वर्षभरात सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलेली होती. कच्चा माल महागला, आणि जून २०२० मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाला हेपारिनच्या कमाल किमतीत एकवेळची ५० टक्के वाढ द्यावी लागली. मुंबई-पुण्यातल्या डायलिसिसच्या खाटेपर्यंत हा घटनाक्रम असा पोचतो.

तास कुठे वाचतील?

लस हा एक मार्ग. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये जॉर्जियाच्या वाणातून आय-१७७-एल हे एकच जनुक काढलं आणि विषाणू एवढा मवाळ झाला, की तो टोचलेली डुकरं मूळ वाणापुढे टिकली. व्हिएतनामने त्यावर आधारलेली लस २०२२ मध्ये मान्य केली. काही डुकरं मेल्यावर ती थांबवली आणि जुलै २०२३ मध्ये आणखी एका लशीबरोबर देशभर वापरायला परवानगी दिली. जिवंत विषाणूची लस असल्याने तो पुन्हा मूळ स्वभावावर जाईल का, ही शंका तज्ज्ञ सोडत नाहीत. त्यामुळे लस आली म्हणून बाकी सगळं सैल सोडता येत नाही.

दुसरा मार्ग शून्याच्या आधीचा आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेचा नियम असा, की खरकटं डुकरांना घालायचंच असेल तर ते ९० अंशांवर, सतत ढवळत, निदान ६० मिनिटं तापवावं. पेशीतल्या १९२ तासांच्या विरुद्ध माणसाकडचा हा एक तास. पण तो फुकट नाही. त्याला सरपण लागतं, मोठं भांडं लागतं, कामावर जायच्या आधी तासभर चुलीपाशी उभं राहणारं माणूस लागतं. घरी पोरांचा भात शिजवायला लाकडं पुरवून वापरणाऱ्या बाईला डुकरांसाठी वेगळी चूल पेटव सांगणं सोपं आहे. गावातल्या खरकट्यासाठी पंचायतीने एक सामायिक भट्टी लावली, तर तोच सल्ला अमलात येऊ शकेल.

तिसरा मार्ग तास ९६ ते १२० या मधल्या दिवसाचा. आपल्या कृती-आराखड्यात लागणीच्या जागेपासून एक किलोमीटरच्या परिघातली डुकरं मारायची आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, असं ठरलेलं आहे. भरपाईची तरतूद आहे ती सरकारने मारायला लावलेल्या जनावरांसाठी. ज्याचं डुक्कर आपोआप मेलं, त्याच्या वाट्याला सहसा काही येत नाही. ज्याने लवकर कळवलं, त्याला पैसे मिळायला किती महिने लागतील हे कुणी सांगत नाही. ज्याने रात्रीत कापून विकलं, त्याच्या खिशात पैसे सकाळीच असतात. हे गणित गोठ्यातला प्रत्येक माणूस करतो आणि त्याचं उत्तर चुकत नाही. ते बदलायचं असेल तर कळवणाऱ्याच्या खात्यात रक्कम डुकरं पुरायचा खड्डा खणायच्या आधी जमा झाली पाहिजे, आणि शेजाऱ्यांच्याही. ही रक्कम मोठी वाटेल, पण तिची तुलना करायची ती पुढच्या तीस हजार डुकरांशी.